बंद घराचे पाणी मे महिन्यात मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात कोकणातल्या टँकरच्या बातम्या आपण छापता आणि त्या छापल्याच पाहिजेत. पण त्या बातम्यांत एक घर येत नाही. शिमग्याला चार दिवस, मे महिन्यात दोन-तीन आठवडे आणि गणपतीत दहा-बारा दिवस उघडणारे चाकरमान्यांचे घर. नळपाणी योजनेचा हिशेब गावात बारमाही राहणाऱ्या माणसांवर बेतलेला असतो. सुट्टीत वाडीतली सगळी कुलुपे एकदम उघडली की तो हिशेब कोलमडतो, आणि घरमालक मुंबई-पुण्याहून फोनवरच बोअरची गाडी ठरवून टाकतो. विहिरी, पंप आणि नळजोडणीची कामे करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमचे सांगणे असे की, अशा घरासाठी स्वतःचे पाणी करायचे तर आधी स्रोत मे महिन्याच्या अखेरीस मोजावा आणि झऱ्यापासून नळापर्यंतची सगळी जोडणी पूर्ण रिकामी करता येईल अशी बसवावी. हे दोन्ही नीट केले तर पुष्कळ घरांना बोअर लागतच नाही.

मे महिनाच का, याचे उत्तर जमिनीत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण वरचा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, चाळणीसारखा असतो. त्याच्या भेगांतून, पोकळ्यांतून पाणी भराभर खाली उतरते आणि जांभ्याखालच्या पांढरट-पिवळट चिकण मातीच्या थरावर अडते. त्या थराच्या कडेने, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतारावर जिथे तो उघडा पडतो तिथे झरे फुटतात. गणपतीत हे झरे धो धो वाहतात आणि विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. त्या दिवसांत पाहिलेल्या पाण्यावर पंप, पाइप किंवा बोअरची जागा ठरवणे चूक. फेब्रुवारीनंतर तोच झरा करंगळीएवढा होतो. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी तो जेवढे पाणी देतो तेवढेच आपले.

मोजायला बादली आणि घड्याळ पुरते. झऱ्याचे सगळे पाणी केळीच्या सोपटातून किंवा पाइपच्या तुकड्यातून एका धारेत आणून पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. साडेसात मिनिटे लागली तर मिनिटाला दोन लिटर. ऐकायला हे फार थोडे वाटते, पण दिवसाचे चोवीस तास धरले तर ते २८८० लिटर होतात. घरात बारा माणसे असतील आणि माणशी रोज शंभर लिटर वापरले तरी गरज १२०० लिटरचीच. रात्रीच्या आठ तासांत अशा झऱ्यातून ९६० लिटर येतात, म्हणजे हजार लिटरची एक टाकी रात्रभरात जवळपास भरते. बारीक झऱ्याला मोठा पंप लागत नाही. त्याला टाकी आणि वेळ लागतो. हे हाती आलेले पाणी पाहून लोक निराश होतात आणि साठवणीचा विचारच करत नाहीत, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

विहिरीची कसोटी वेगळी. विहिरीत दिसणारे पाणी हा साठा झाला. पाझर किती, ते त्यावरून कळत नाही. मे महिन्यात पंपाने पाणी मीटरभर उतरवायचे, काठावरून दोरी सोडून पातळीची खूण करायची आणि तासाभराने पुन्हा मोजायचे. विहिरीचा व्यास तीन मीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला सुमारे ७०० लिटर पाणी बसते. तासात पाणी दहा सेंटिमीटर चढले तर पाझर तासाला ७०० लिटर. पातळी वर येईल तसा पाझर मंदावतो, म्हणून पहिल्या तासाचा आकडा चोवीसने गुणू नये.

झरा वापरायचा तर तो नीट बांधावा लागतो, आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते. पाणी साठावे म्हणून झऱ्याच्या तोंडावर उंच कुंड बांधतात. पाण्याची पातळी झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा वर गेली की मागे दाब येतो आणि झरा जांभ्यातून दुसरी वाट शोधतो. एकदा गेलेला झरा परत आणता येईलच असे नाही. म्हणून कुंडाचा ओव्हरफ्लो पाइप नेहमी झऱ्याच्या तोंडाच्या खाली असावा आणि पावसाळ्यातले सगळे पाणी बाहेर टाकता येईल एवढा जाड असावा. निदान तीन इंची. साठवण घराजवळ करावी, झऱ्यावर नाही. कुंड छोटेच, मीटरभर लांब-रुंद पुरे. तोंडाकडच्या बाजूला चिऱ्यांची सुकी रचना आणि मागे धुतलेली खडी, बाकी तीन बाजू सिमेंटने बांधून आतून गिलावा. वर काँक्रीटची झाकणी आणि तिच्याभोवती चिकण मातीचा थर. तळाला दोन इंची गाळपाइप, त्याला टोपी. घराकडे जाणारा पाइप तळापासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर, म्हणजे गाळ आत ओढला जात नाही. कुंडाच्या वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर आडवा चर खणून पावसाचे वाहते पाणी बाजूला काढावे. गणपतीत नळाला लाल पाणी येते ते बहुतेक वेळा हा चर नसल्यामुळे.

कुंडातून घराकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी गाळणी म्हणून चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, त्याला तीन मिलिमीटरची भरपूर भोके आणि वर नायलॉनची जाळी. भोकांचे एकूण क्षेत्र पाइपच्या तोंडाच्या कितीतरी पट असले पाहिजे. म्हणजे अर्धी भोके पानांनी बुजली तरी पाणी थांबत नाही. हा तुकडा पाण्याच्या पातळीखाली वीतभर बुडलेला असावा, नाहीतर तो पाण्याबरोबर हवा ओढतो.

कुंडापासून घरापर्यंतच्या लाइनसाठी काळा एचडीपीई, म्हणजे लवचिक जाड प्लास्टिकचा, पाइपच घ्यावा. पांढरा-करडा पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. लोखंडी पाइप या भागात टिकत नाही, कारण जांभ्यातले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते आणि बंद घरात ते महिनोन्‌महिने पाइपातच उभे राहते. घर उघडल्यावर पहिल्या दिवशी येणारे तांबडे पाणी हा त्याच गंजाचा हिशेब असतो. जाडी ठरवताना अंतर आणि उतार दोन्ही धरावे लागतात. झरा घरापासून ५०० मीटरवर आणि २५-३० मीटर उंचावर असेल तर ३२ मिलिमीटरच्या पाइपातून मिनिटाला तीस लिटरच्या आसपास पाणी येऊ शकते. तेवढ्याच अंतराला २० मिलिमीटरच्या पाइपातून जेमतेम नऊ-दहा. झराच मिनिटाला दोन लिटर देत असेल तर बारीक पाइपही पुरतो, पण त्यात गाळ आणि हवा लवकर अडकते. म्हणून लांबच्या लाइनला २५च्या खाली जाऊ नये. पाइपवर छापलेला दाबाचा वर्ग पाहून घ्यावा. खालचा नळ बंद असताना दर दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब येतो. सहा किलोचा पाइप ६० मीटर उतारापर्यंत चालतो. उतार त्याहून जास्त असेल तर मध्ये फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरताच पाणी बंद करणारी तरंगती झडप, लावलेली छोटी उघडी टाकी बांधून दाब तोडावा लागतो. नाहीतर सगळे नळ बंद असलेल्या एखाद्या रात्री सांधा सुटतो आणि सकाळी टाकी रिकामी मिळते.

झरा वाहतो, पाइप फुटलेला नाही, तरी घरी थेंब नाही. असे झाले की दोष बहुतेक हवेचा असतो. लाइन एखाद्या टेपावरून, म्हणजे उंचवट्यावरून, जाऊन पुन्हा खाली उतरत असेल तर टेपाच्या पुढच्या उतारावर हवा अडकते. त्या हवेचा जेवढा उभा स्तंभ, तेवढी उंची फुकट जाते. असे तीन-चार टेप असले आणि त्यांची बेरीज झऱ्याच्या उंचीएवढी झाली की पाणी थांबलेच. उपाय सोपा आहे. प्रत्येक उंच जागी टी टाकून अर्धा इंची कॉक बसवायचा आणि पाणी चालू करताना वरून खाली येत एकेक कॉक पाण्याची अखंड धार लागेपर्यंत उघडा ठेवायचा. प्रत्येक सखल जागी गाळ काढायला दुसरा कॉक. काही जण टेपावर खिळ्याने भोक पाडतात. हवा निघते खरी, पण पुढे तेच भोक चिखल आणि किडे आत ओढते. आणि मुळात झऱ्यापासून टाकीपर्यंत मनाने सरळ दोरी ताणून पाहिली तर पाइप तिच्या वर कुठेच जाता कामा नये. तसा टेप मध्ये असेल तर त्याला वळसा घालावा.

पाइप फूट-दीड फूट खोल पुरावा. सड्यावर कातळ असेल तिथे खणता येत नाही. तिथे दोन्ही बाजूंना दगड लावून वर माती आणि चिरे टाकावेत. उघडा पाइप फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात वितळतो, आणि पाण्याच्या वासाने रानडुकरे, साळिंदर, माकडे तो फोडतात. वापर संपताच लाइन रिकामी केली तर जनावरांचा त्रास बराच कमी होतो.

विहीर असेल तर पंपाची निवड एका आकड्यावर ठरते. जमिनीवर बसवलेला पंप कितीही अश्वशक्तीचा असला तरी सहा-सात मीटरपेक्षा खोल पाणी नीट ओढू शकत नाही. पाणी वर ढकलणारी हवा आहे, पंप नाही. गणपतीत दोन मीटरवर असलेले पाणी मे महिन्यात नऊ मीटरवर जाते, आणि मग काठावरचा अर्धा अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप नुसता गरम होत राहतो. अशा विहिरीत ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, सोडावा. पाणी नऊ मीटर खाली, टाकी जमिनीपासून पाच मीटर वर आणि मध्ये चाळीस मीटर एक इंची पाइप असेल तर घर्षणासकट सतरा-अठरा मीटरची उंची होते. अर्धा अश्वशक्तीचा चांगला पंप या उंचीला तासाला दोन हजार लिटरच्या आसपास देतो. कुटुंबाला यापेक्षा जास्त नको. एक-दीड अश्वशक्तीचा पंप मे महिन्यातली विहीर वीस मिनिटांत तळाला नेतो, गाळ ओढतो आणि कोरडा फिरून जळतो. म्हणून ड्राय-रन संरक्षण, म्हणजे पाणी संपताच पंप बंद करणारे उपकरण, बसवलेच पाहिजे. संध्याकाळी सगळ्या घरांतले पंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज १८०च्या खाली येते. त्या वेळी पंप चालवला तर विद्युतप्रवाह वाढून वाइंडिंग जाते. पहाटे चालवावा. अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच याबाबत तडजोड नको. लोक ओल्या हाताने, अनवाणी विहिरीवर वावरत असतात.

काठावर पंप ठेवायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे सोडवता येणारे सांधे, टाकावेत, म्हणजे पाना घेऊन दहा मिनिटांत तो सोडवून घरात ठेवता येतो. पावसाळाभर बाहेर राहिलेल्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतले फिरते चक्र, गंजून आवरणाला चिकटतो. अशा पंपाचे बटण दाबले की नुसता गुणगुणाट होतो. तेव्हा ताबडतोब बंद करून, मेन स्विच काढून, मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून मोकळा करावा. तरीही फिरेना तर कपॅसिटर तपासावा. पंप फिरतो पण पाणी येत नाही, याची दोन कारणे. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी परत न जाऊ देणाऱ्या झडपेत, पान अडकून पाणी खाली उतरते, किंवा पाणी ओढणाऱ्या (सक्शनच्या) पाइपच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरते. प्रायमिंगच्या, म्हणजे पंपात आधी पाणी भरायच्या, तोंडातून पाणी ओतून पाहावे. पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्ह. पातळी टिकली आणि चालू केल्यावर धार तुटक आली तर हवा.

टाकीचा पाया हलका समजू नये. हजार लिटर म्हणजे एक टन. प्लास्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकला पाहिजे. दोन तुळयांवर ठेवलेली टाकी मध्ये फुगून चिरते. न्हाणीतल्या नळापासून टाकीचा तळ तीन मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.३ किलो मिळतो. तेवढ्यात नळ चालतो, शॉवर मरगळतो. म्हणून टाकीतून उतरणारा पाइप एक इंची ठेवावा आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतरात करावा. सगळे व्हॉल्व्ह बॉल प्रकारचे घ्यावेत. गेटव्हॉल्व्ह सहा महिने न फिरवता राहिला की जाम होतो आणि जोर लावला की दांडा तुटतो. घरातले पाइप एका सखल कोपऱ्याकडे किंचित उतरते ठेवून तिथे एक कॉक बसवला की सगळे घर पाच मिनिटांत रिकामे होते. पाइप भिंतीत गाडल्यानंतर हा कॉक बसवता येत नाही. तो नकाशातच हवा.

दहा हजार लिटरची पक्की झाकलेली टाकी बांधण्याची ऐपत असेल तर छपराचे पाणी हा उत्तम स्रोत आहे. शंभर चौरस मीटर कौलारू छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गळती-उडती धरून निदान दोन लाख चाळीस हजार लिटर हाती येऊ शकतात. त्यातले दहा हजार साठवायला एक-दोन दिवसांचा जोराचा पाऊस पुरतो. पहिल्या पावसाची शेवाळ आणि पाचोळा वाहून गेल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकी भरावी. उजेड आणि डास आत जाऊ दिले नाहीत तर हे पाणी मे महिन्यापर्यंत चांगले राहते.

बोअरला आमचा सरसकट विरोध नाही. मात्र बोअर पावसाळ्यात किंवा दिवाळीला मारून लागलेल्या पाण्यावर समाधान मानू नये. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात उतरवलेला पाइप, जांभा आणि चिकण माती ओलांडून खालच्या कठीण खडकात घट्ट बसले पाहिजे, नाहीतर दर पावसाळ्यात लाल चिखल वर येतो. किनाऱ्याजवळ धोका आणखी मोठा. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली गोड्या पाण्याची खोली साधारण चाळीस मीटर, असे ढोबळ प्रमाण आहे. वरची पातळी उपशाने अर्धा मीटर उतरली की खालून खारे पाणी वीस मीटर वर सरकू पाहते. दहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी आपण शेजाऱ्याची बारमाही विहीर खारी करू शकतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर घेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. ५०० मीटरची अट १९९३च्या भूजल कायद्यापासून आहे. झरा दुसऱ्याच्या जमिनीत असेल तर लेखी संमती आणि वनजमिनीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. विहीर सामायिक असेल तर सातबाऱ्यावरचा हिस्सा पाहावा आणि भावकीशी पंपाची वेळ ठरवून घ्यावी. पाण्यावरून तुटलेली भावकी लवकर जुळत नाही.

शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण नियम सांगतात. जांभ्यात तो पुरेसा नाही. पोकळ्यांतून मैलापाणी पावसाळ्यात झपाट्याने सरकते. तीस मीटर अंतर आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगाला, एवढे पाळावे. जागा कमी असेल तर आधी विहीर आणि झऱ्याची जागा धरावी, मग संडासाची.

आता घर उघडण्याबद्दल. पाहुण्यांच्या आधी दोन दिवस कोणीतरी पोचलेच पाहिजे, कारण टाकी धुऊन औषध घालायला एक रात्र लागते. टाकी पूर्ण रिकामी करून साबण न लावता ब्रशने घासावी. हजार लिटरच्या टाकीसाठी दीडशे ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर घ्यावी. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पावडरीची ताकद उतरते, तिच्यासाठी दोनशे ग्रॅम. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत वाटून थोड्या पाण्यात कालवावी, पाणी वाढवून ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे आणि फक्त वरचे पाणी टाकीत ओतावे. खालचा चुना फेकून द्यावा. टाकी भरून घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते पाणी पऱ्यात (ओहोळात) किंवा झाडांच्या मुळाशी न सोडता मोकळ्या जागी सोडून टाकी ताज्या पाण्याने भरावी. गीझर पाण्याने भरल्याची खात्री गरम नळाची धार पाहून करावी, मगच त्याचे बटण दाबावे. कोरड्या गीझरची कॉइल लगेच जळते.

रोजच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल हे प्रमाण. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी, घ्यावीच. रंग पिवळा आला नाही तर आणखी थोडी पावडर घालून पुन्हा तासभर थांबावे. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. विहिरीत गप्पी मासे सोडलेले असतील तर टीसीएल विहिरीत न टाकता टाकीत टाकावी. जनावर पडून मेले असेल तर नुसती पावडर टाकून भागत नाही, विहीर उपसून साफ करावी लागते. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि ऐन पावसात द्यावा. शंभर मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू शून्य असले पाहिजेत. जांभ्यातल्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे आरओ बसवून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणे हा मे महिन्यात अपराधच म्हणावा लागेल. आधी कँडलची गाळणी आणि नंतर यूव्ही, किंवा एक उकळी, एवढे पुरते. यूव्हीचा किरण गढूळ पाण्यात पोचत नाही, त्यामुळे गाळणी आधी.

बंद करताना उलटा क्रम. पंपाचा मेन स्विच काढावा, लाइन दोन्ही टोकांनी सोडावी, गीझर खालच्या प्लगने रिकामा करावा, नळ थोडे उघडे ठेवावेत. संडास आणि मोऱ्यांच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातले, पाणी महिनाभरात उडते आणि झुरळे, वास वर येतो. म्हणून ट्रॅप पाण्याने भरून वर दोन चमचे खोबरेल किंवा कोणतेही तेल सोडावे. शौचटाकीच्या हवेच्या पाइपला जाळी बांधावी. एक अडचण टाकीची आहे. आरोग्य खाते डासांसाठी टाक्या रिकाम्या ठेवा म्हणते आणि ते बरोबर आहे, पण रिकामी प्लास्टिकची टाकी वाऱ्यात टिकत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत जे केले ते लोक विसरलेले नाहीत. टाकी रिकामी करून, पालथी घालून, पायाला गाडलेल्या दोन कड्यांना नायलॉन दोराने आवळून बांधावी. वीज गेल्यावर पाणी कसे काढायचे, याचाही विचार हवा. विहिरीवरचा रहाट आणि दोरबादली काढून टाकू नयेत.

आपल्या वृत्तपत्रामार्फत ग्रामपंचायतींना दोन विनंत्या आहेत. मे अखेरीस वाडीतल्या प्रत्येक झऱ्याचा बादलीने मोजलेला प्रवाह आणि विहिरींची पातळी एका वहीत नोंदवून ती वही कार्यालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. पाच वर्षांच्या नोंदी असतील तर घरमालकाला बोअरवाल्याच्या अंदाजावर विसंबावे लागणार नाही. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गावचे पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकांनी सार्वजनिक विहिरींबरोबर उघडणाऱ्या खासगी घरांनाही टीसीएल आणि ओटी चाचणी रास्त दरात उपलब्ध करून द्यावी. एका घरातले दूषित पाणी आरतीला जमलेल्या सगळ्या वाडीच्या पोटात जाते.

आपले,
विहीर, पंप व नळजोडणीची कामे करणारे काही कारागीर,
जि. रत्नागिरी